खोळवाला शुद्ध बोलतो

सातारा,
१५ नोव्हेंबर २०२५

ती. मामा,

खुशाली शेवटी विचारते, आधी बातमी. काल सकाळी अकरा वाजता आपल्या खोळवाल्याचा टीझर आला. टीझर म्हणजे सिनेमा लागायच्या आधी दाखवतात तो दीड मिनिटाचा तुकडा. सिनेमा २६ डिसेंबरला लागेल.

मामा, घोंगडं जसं हवं तसंच आहे. त्यासाठी मी किती भांडले ते तुम्हाला ठाऊक नाही. कपडेपटाच्या माणसाला ते पाठीवर पडद्यासारखं उडवायचं होतं, परदेशी सिनेमातल्या वीरांसारखं. मी त्याच्यासमोर तुमच्या चित्रकथेचा सातवा अंक उघडून ठेवला. म्हटलं, हे उडवायचं नाही, डोक्यावरून खोळ करून घ्यायचं आहे. खोळवाला ज्याला आपल्या खोळीत घेतो त्याला गोळी लागत नाही, पूर ओढून नेत नाही, एवढीच त्याची शक्ती. घोंगडं उडवलंत तर शक्तीही उडून जाईल. शेवटी ऐकलं त्यानं.

तुम्ही शाळा सुटल्यावर ओट्यावर बसून काढलेले एकेचाळीस अंक. सांगलीच्या छापखान्यात छापून एसटी स्टँडवर आणि जत्रांत विकलेले. ते आता एवढ्या मोठ्या पडद्यावर येतायत, आणि शेवटच्या नावांत 'बोलीभाषा साहाय्य' म्हणून माझंही नाव येणार आहे. आई-आबा मेंढरं घेऊन कोकणच्या वाटेला लागले असतील, त्यांना निरोप कसा द्यायचा तेच कळत नाही.

लोक भरभरून लिहितायत. सगळंच कळवत बसत नाही, जग कशावरही काहीही बोलतं. एक विनंती आहे. शेजारचा जयराज किंवा आणखी कुणी मोबाईलवर टीझर दाखवायला आलं तर बघू नका. इवल्याशा काचेवर मजा जाते, आणि आवाजाचं काम अजून कच्चं आहे. गेली काही वर्षं तुम्हाला ऐकू येत नाही हे मी विसरलेले नाही, तरी लिहिते.

पोस्टानं काही आलं तर उघडायच्या आधी मला कळवा. मामीचा गुडघा कसा आहे?

तुमची,
मंगल


कवठे महांकाळ,
२० नोव्हेंबर २०२५

चि. मंगल,

तुझं पत्र मंगळवारी आलं आणि जयराजनं टीझर सोमवारीच दाखवला, त्यामुळे तुझी विनंती मी मोडली असं होत नाही. मामीचा गुडघा बरा आहे. त्याची तक्रार ती आता फक्त पाहुण्यांसमोर करते.

टीझर पाच वेळा पाहिला. खोळ बरोबर बसली आहे. कपाळावर तिची सावली पडते, त्या सावलीत डोळे चमकतात, मी काढायचो तसंच. त्या कपडेपटाच्या माणसाला माझा नमस्कार सांग. एक खोट मात्र आहे. मेंढरं फार पांढरी आहेत, आताच शाम्पूनं धुऊन आणल्यासारखी. पण मी काही बोलणार नाही. चित्रात मेंढरं काळी केली की माझी शाई लवकर संपायची, ते दुःख सिनेमावाल्यांना नसावं.

पोस्टाबद्दल तू लिहिलंस तोवर उशीर झाला होता. अगं, पार्सलं येतायत. आजवर एकोणीस आली. कुणी दोन अंक, कुणी पाच. चिठ्ठी क्वचितच असते, पण मागे पत्ता असतो. सिनेमा येतोय म्हटल्यावर लोकांना जुन्या अंकावर माझी सही हवी असणार, एवढं समजायला चिठ्ठी कशाला? मी प्रत्येक अंकावर सही करतो, खाली एक छोटी खोळ काढतो आणि परत पाठवतो. खोळ अजून जमते.

परवा लोणंदहून खोकं आलं. धैर्यशीलचं. तो चौथीत असल्यापासून मला पोस्टकार्डं लिहायचा. खोळवाल्याला भूक लागते का, तो शाळेत कितवा यायचा, असले प्रश्न. मी प्रत्येक कार्डाला उत्तर दिलंय. आता चाळिशीला आला असेल. त्यानं सगळेच्या सगळे एकेचाळीस अंक पाठवलेत, एकाचाही कोपरा दुमडलेला नाही. दोन दिवस बसून सगळ्यांवर सह्या केल्या.

मामीला मात्र हे पटत नाही. ती म्हणाली, "आवं, एवढं जपून ठिवल्यालं कोण पोस्टात टाकतंय? काय तरी बिनसलंय बगा." मी म्हटलं, तुला वाचकांचं प्रेम कळत नाही.

तू तिथे नीट जेवतेस ना? तुझ्या अक्षरावरून वाटत नाही.

मामा


सातारा,
२५ नोव्हेंबर २०२५

ती. मामा,

सह्या थांबवा. आजपासून एकही नको. कंपनीच्या करारात सह्यांबद्दल एक कलम आहे, ते मी तुम्हाला सांगायचं राहिलं. आलेली पार्सलं तशीच कोपऱ्यात ठेवून द्या.

आणखी थोडं सांगते, नाहीतर तुम्ही जयराजला विचाराल आणि तो नको ते दाखवेल. काही वाचक नाराज आहेत. सिनेमात एकदोन शब्द इकडचे तिकडे झालेत. टीझरच्या शेवटी खोळवाला बोलतो ते वाक्य कुणीतरी जरा शुद्ध केलंय. एवढ्या मोठ्या टीममध्ये कोण कधी काय बदलतं ते कळतही नाही. नेटवर त्याचीच थट्टा चाललीय. 'खोळवाला बँकेत लागला का?' 'घोंगडं मेंढक्याचं आणि तोंड मास्तराचं.' एकानं चित्र केलंय, खोळवाला पुरात उभा आहे आणि बुडणाऱ्या माणसांना म्हणतोय, 'कृपया रांगेत यावे.' ते बघून आधी मलाही हसू आलं. मग 'मास्तर' हा शब्द कुणाकडे बोट दाखवतो ते लक्षात आलं आणि ताट तसंच ठेवून उठले.

लोणंदचा धैर्यशील आता लहान राहिलेला नाही. त्याचं चॅनल आहे, लाखभर लोक त्याचं ऐकतात. तो घरी आला तर दार उघडू नका. मामीलाही सांगून ठेवा.

सोबत एक कागद जोडलाय. सिनेमाच्या जाहिरातीसाठी लागणारा नेहमीचा कागद आहे. खाली फुली मारलीय तिथे सही करून स्पीड पोस्टानं पाठवा. वाचत बसू नका, असल्या कागदांत वाचण्यासारखं काही नसतं. ५ तारखेच्या आत मिळायला हवा.

मी बरी आहे. पित्ताचा थोडा त्रास होतो, तेवढंच.

मंगल


कवठे महांकाळ,
३० नोव्हेंबर २०२५

चि. मंगल,

तेहतीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. हेडमास्तर ज्या कागदाला 'वाचण्यासारखं काही नाही' म्हणायचे तो मी दोनदा वाचायचो. तुझा तीनदा वाचला.

त्यात लिहिलंय, 'मी हाय न्हवं हे खोळवाल्याचे वाक्य चित्रपटात मी आहे ना असे करावे, ही सूचना मूळ लेखक-चित्रकार या नात्याने माझीच होती.' मंगल, मी ही सूचना केव्हा केली? वय झालंय, विसरलोही असेन, म्हणून मामीला विचारलं. ती म्हणाली, "तुमी? त्या 'हाय'चं 'आहे' केलं म्हणून तुमी छापखानेवाल्यासंगं वरीसभर बोलला न्हाईसा." तिला बरोबर आठवतंय. तिसऱ्या अंकाच्या वेळी प्रुफं तपासणाऱ्यानं शब्द सुधारला होता आणि मी सगळे अंक परत करून पुन्हा छापून घेतले होते.

ते वाक्य माझं नाहीच. ते आप्पांचं, माझ्या वडिलांचं. मेंढरांमागे फिरताना माळावर गारपीट झाली की आप्पा घोंगड्याची खोळ करून आम्हा पोरांना आत ओढायचे आणि तेवढंच म्हणायचे. 'आहे ना' म्हणणारा समोरच्याकडून होकार मागतो. आप्पा काही मागत नव्हते. ते नुसतं सांगायचे, आणि आम्ही रडायचं थांबायचो. खोळवाल्यात मी घोंगडं काढलं, काठी काढली, पण शक्ती होती ती त्या तीन शब्दांत.

आता पार्सलांचं. जतच्या एका वाचकाला सही करून पाठवलेला अंक परत आलाय, बरोबर त्याचं पत्र. 'मास्तर, अंक सहीसाठी पाठवला नव्हता. तुम्ही भाषा सोडलीत म्हणून परत केला होता. वर सही करून तुम्ही आमची थट्टा करता का?' मी त्रेसष्ट जणांना सह्या करून पाठवल्यात, मंगल. खाली खोळ काढून. मला फार लाज वाटली. दोन दिवस ओट्यावर बसलो नाही, घरातच होतो.

करारात सह्यांचं कलम नाही. करारही मी तीनदा वाचला होता.

कागदावर सही केलेली नाही, माझ्याजवळ ठेवलाय. ज्यानं शब्द बदलला त्याचं नाव कळव. मी रागावणार नाही. शहरातला असेल तर त्याचा दोषही नाही, त्यानं खोळीत कधी पाऊस काढला नसेल. मी त्याला समजेल असं पत्र लिहीन.

मामा


कवठे महांकाळ,
९ डिसेंबर २०२५

चि. मंगल,

तुझं उत्तर नाही. मामीनं दोनदा फोन लावला, तू 'कामात आहे' म्हणून ठेवलास. मी वाट पाहून पुन्हा लिहितोय.

रविवारी धैर्यशील आला. लोणंदहून जीप करून, बरोबर आणखी आठ माणसं. तू दार उघडू नका म्हणाली होतीस, पण दुपारच्या उन्हात नऊ माणसं दारात उभी ठेवायची ही आपल्या घराची रीत नाही. मामीनं चहा टाकला. मला ऐकू येत नाही हे कळल्यावर ती सगळी गोंधळली. ओरडण्याच्या तयारीनं आलेल्या माणसांचं तिथेच अर्धं बळ गेलं. मग मामीनं पाटी आणि खडू आणून मधे ठेवला.

धैर्यशीलनं लिहिलं, 'तुम्ही हाय का काढलं?' अक्षर चौथीतलंच आहे, 'ढ' अजून उलटा झुकतो.

मी तुझ्या न आलेल्या पत्राचा विचार करत होतो. तू माझ्या प्रत्येक पत्राला चार-पाच दिवसांत उत्तर देतेस. शब्द बदलणारा दुसरा कुणी असता तर त्याचं नाव, गाव आणि दोन शिव्या तू दुसऱ्याच दिवशी पोस्टात टाकल्या असत्यास. इतके दिवस गप्प राहायला तुला एकच कारण असू शकतं.

मी पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, 'मीच काढलं.'

त्यानं ते बाहीनं पुसलं. लिहिलं, 'का?' मी हात जोडले. ती माणसं चहा अर्धा ठेवून उठली. जाताना त्यानं जीपमधून खोकं काढून आणलं, सह्या केलेले एकेचाळीस अंक पुन्हा ओट्यावर ठेवले आणि वळूनही न बघता गेला. त्याचं मला सगळ्यात जास्त लागलं.

मी तुझ्यासाठी खोटं बोललो असं समजू नकोस. २००९ सालचा जून आठव. साताऱ्याच्या बोर्डिंग शाळेची मुलाखत होती. तू अकरा वर्षांची होतीस, आई-बाप मेंढरांमागे, तुझ्या शिक्षणाचा भार माझ्यावर. आठ दिवस मी तुला समोर बसवून घोकवून घेतलं. सरांनी गाव विचारलं तर काय सांगशील? तू म्हणायचीस, "माजं गाव कवठं हाय." मी तुझ्याकडून वहीची पानंच्या पानं 'आहे' लिहून घेतली. पाचव्या दिवशी तुझ्या तोंडून पुन्हा 'हाय' गेलं आणि मी तुझ्या हातावर फूटपट्टी मारली. तू रडली नाहीस. 'आहे' म्हणालीस.

त्याच आठवड्यात मुंबईचा एक माणूस माझ्या जुन्या अंकांबद्दल विचारायला आला होता आणि मी त्याला अभिमानानं सांगत होतो की माझा खोळवाला घरची भाषा सोडत नाही. चित्रातल्या माणसासाठी 'हाय' आणि जगायला 'आहे', हे मी तुला शिकवलं. दिवाळीला तू घरी आलीस आणि आईशी शुद्ध बोलू लागलीस. मला आनंद झाला होता. तुझी आई त्या दिवसापासून तुझ्याशी जपून बोलायला लागली, परक्याशी बोलतात तसं. ते मी पाहिलं होतं आणि तरी मला आनंदच झाला होता. हे पत्रही बघ, मी 'आहे' करूनच लिहितोय.

तर, 'हाय' काढणारा मीच. सोबत कागद आहे, सही केली आहे. आता त्यात खोटं काही राहिलेलं नाही. कंपनीला दे आणि दोन घास नीट खा.

मामा


सातारा,
१६ डिसेंबर २०२५

ती. मामा,

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. उत्तर आज लिहितेय, कारण आधी काही करायचं होतं.

मार्च महिन्यात सगळे कलाकार एकत्र बसून संवाद वाचत होते. नायकानं 'मी हाय न्हवं' वाचलं आणि आवाजाच्या टीममधल्या एकानं हात वर करून त्याला 'हाय, हॅलो' केलं. सगळी खोली हसली. मामा, मीही हसले. सगळ्यांच्या आधी हसले असेन. दिग्दर्शक हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "मंगल, तू तिकडचीच आहेस. थिएटरमध्ये लोक हसतील?" मी म्हटलं, "हसतील." बदल असं मला कुणी सांगितलं नाही. मीच पेन्सिलीनं खोडलं आणि वर 'आहे ना' लिहिलं. कुणी दबाव आणला होता असं सांगावंसं मला नऊ महिने वाटत आलंय, म्हणून मुद्दाम लिहिते, कुणीही आणला नव्हता.

टीझरनंतर गहजब झाला तेव्हा कंपनीनं विचारलं, मूळ लेखकाची संमती होती असा कागद मिळेल का? मी म्हटलं, मिळेल. मजकूर मीच लिहिला.

तुमची सही आलेला कागद मी कंपनीला दिला नाही. शनिवारी मोबाईल समोर ठेवला आणि जे घडलं ते सगळं सांगितलं. त्या खोलीतलं हसणं, पेन्सिल, तुम्हाला पाठवलेला कागद. तुम्ही धैर्यशीलला जे लिहून दिलंत ते खरं नाही, हेही. तीन मिनिटांचं झालं. ते धैर्यशीललाच पाठवलं. त्यानं एक शब्दही न जोडता चॅनलवर टाकलं.

आता तुमच्याबद्दल कुणी काही बोलत नाही. माझ्याबद्दल बोलतात. शिव्यांचं मला काही वाटत नाही, पण एका बाईनं लिहिलंय, 'ही खरंच मेंढक्याच्या घरची आहे का?' ते मी पुन्हा पुन्हा वाचते. रविवारी कंपनीचा निरोप आला, शेवटच्या नावांतून माझं नाव काढलंय, यापुढे येऊ नका.

आणि काल त्यांचाच फोन. लोकांच्या रेट्यामुळे वाक्य पुन्हा पहिल्यासारखं करायचं, तोंड दिसतं तेवढा तुकडाही नव्यानं चित्रित करायचा असं ठरलंय, पण नायकाला 'न्हवं' म्हणता येत नाही. 'नवं' म्हणतो, 'नव्हं' म्हणतो. सांगणारं दुसरं कुणी नाही. मी पुण्याच्या स्टुडिओत गेले. माईकसमोर मला आधी स्वतः म्हणून दाखवायचं होतं आणि मामा, माझी जीभ वळेना. सोळा वर्षांत तो शब्द मी मोठ्यानं म्हटलेला नाही. बाहेर आला तेव्हा काचेपलीकडच्या खोलीत आईच बोलतेय असं वाटलं. नायकानं माझ्यामागून एकोणीस वेळा म्हटलं. शेवटचं बरं होतं. बरं होतं असं मला वाटतं, आता माझ्या वाटण्यावर माझाच विश्वास नाही.

२६ तारखेची मला धडकी भरलीय. लोक खरंच हसले तर? मग मी तुमचा शब्द दोनदा बुडवला असं होईल, एकदा काढून आणि एकदा घालून. मी सिनेमाला जाणार नाही. तिकडेही येत नाही. तुमच्या हातात खडू द्यायची वेळ मी आणली, आता ओट्यावर येऊन कुठल्या तोंडानं बसू?

मला क्षमा करा. तुम्ही केलीत एवढं एका ओळीत कळवलंत तरी पुरे.

मंगल


कवठे महांकाळ,
२८ डिसेंबर २०२५

चि. मंगल,

शुक्रवारी सांगलीला जाऊन सिनेमा पाहिला. दुपारचा खेळ. जयराजनं गाडी काढली, मामी नवं लुगडं नेसली. थिएटर पाऊण भरलं होतं. दोन पोरांनी खरीखुरी घोंगडी आणली होती आणि तिथल्या गारव्यात ती पांघरून बसली होती.

मी सिनेमा कसा पाहिला ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आवाज माझ्यासाठी नव्हताच. घरात मामीचं बोलणं मी ओठांवरून ओळखतो, तसंच तिथे केलं. पडद्यावर माणसाचे ओठ आपल्या दाराएवढे मोठे असतात, त्यामुळे चष्माही लागला नाही. निम्मं कळलं, निम्मं मीच काढलेलं असल्यानं कळायची गरज नव्हती.

पुराचा प्रसंग आला. नदीकाठच्या घराच्या पत्र्यावर म्हातारी अडकलेली. खोळवाला पाण्यातून तिच्यापर्यंत जातो आणि तिला खोळीत ओढून घेतो. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. 'हाय' म्हणताना तोंड उघडलं. 'न्हवं' म्हणताना दात खालच्या ओठावर टेकले, आप्पांचे टेकायचे तसे. बरोबर म्हणाला तो.

मग मी मागे वळून लोकांकडे पाहिलं. लोक हसत होते.

पुढची ओळ, मागची ओळ, ती घोंगडी पांघरलेली पोरं, सगळी. तू सांगितलं होतंस तसंच झालं. मामीकडे पाहिलं तर तीही हसत होती, पदर डोळ्यांना लावून. मी तिचा हात हलवला. विचारलं, काय झालं, कशाला हसता? तिनं तोंड माझ्याकडे केलं, मला नीट दिसावं म्हणून सावकाश म्हणाली, "आवं, मामंजी बोलल्यागत वाटलं."

तिचे मामंजी, म्हणजे आप्पाच. मी पुन्हा लोकांकडे पाहिलं. तेव्हा कळलं की ते हसणं थट्टेचं नाही. परगावच्या गर्दीत घरचं माणूस अचानक समोर आलं की तोंडावर जे येतं, ते होतं. लोक हसतील हे तुझं म्हणणं खरंच होतं. कसं हसतील ते त्या खोलीत कुणाला ठाऊक नव्हतं, तुलाही नाही.

शेवटची नावं दिवे लागेपर्यंत वाचली. तुझं नव्हतं. मामीला ते फार लागलं.

बाहेर धैर्यशील भेटला. त्यानं मोबाईलवर मोठ्या अक्षरांत लिहून सिनेमातल्या अकरा चुका मला वाचायला दिल्या. पहिली म्हणजे, काठी डाव्या हातात हवी होती. बरोबर आहे त्याचं. यादीत तुझं नाव कुठे नव्हतं. अंकांचं खोकं कधी न्यायला येऊ, असं त्यानं शेवटी विचारलं. मी म्हटलं, येताना चहा पुरा प्यायच्या तयारीनं ये.

आता तुझं. तू एका ओळीची क्षमा मागितलीस, ती मी देणार नाही.

शब्द बदललास त्याचा मला राग नाही. त्यात माझा वाटा किती ते मी लिहून दिलंय आणि ते मागे घेणार नाही. राग आहे तो कागदाचा. 'वाचत बसू नका,' असं तू मला लिहिलंस. मी बहिरा माणूस आहे, मंगल. चारचौघांत काय चाललंय ते मला कुणी सांगितलं तरच कळतं. हातात आलेला कागद तेवढा मला दुसऱ्या कुणाच्या मदतीशिवाय कळतो. तोही तू माझ्यापासून झाकायला गेलीस. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी हसून सोडलं असतं. तू केलंस, म्हणून फार लागलं, अजून लागतंय.

तेव्हा पत्रातून क्षमा मागू नकोस. इथे ये. माझ्यासमोर बस, तोंड माझ्याकडे कर आणि माग. आणि आपल्या बोलीत माग. 'क्षमा करा' म्हणताना ओठ कसे हलतात ते मला ओळखता येत नाही. आपल्या घरात ते कधी कुणी म्हटलेलंच नाही.

मामा